मला इचारा

सांगलीच्या डॉक्टरांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "काय बाळा, काय होतंय?" माझ्या दाढीत पांढरं केस आल्यात. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी माझ्या धाकट्या भावाला इचारलं, "जेवतो का हा?"

"न्हाई. निस्ता भिंतीकडं तोंड करून पडतोय. म्हसरांकडं बी जात न्हाई. काल पाणी पाज म्हणलं तर बादली फेकली."

मी तितंच बसलो व्हतो. दोघांच्या मधी.

"बायको म्हणती, डिप्रेशन असंल."

डॉक्टर हसले. "अहो, डिप्रेशन यायला आधी डोकं लागतं. वय वाढलं की अशा मुलांचा हट्ट वाढतो. शांत राहायची गोळी देतो."

भाऊ बी हसला. डॉक्टरांचं हसणं मी इसरलो असतो. त्याचं न्हाई.

माझं डोकं हळू चालतं. मला घड्याळ कळत न्हाई. पर माणूस खोटं बोलाय लागला की त्याचा आवाज गोड हुतो, त्ये मला कळतं.

उन्हाळ्यात आबा, आमचं वडील, दवाखान्यात व्हते. आई कवाच वारलेली. घरी आबा आन् मी एकाच खोलीत झोपायचो. एका सकाळी भाऊ म्हणाला, "चल, म्हसवडला आत्याकडं र्‍हा थोडं. सिद्धनाथाचं दर्शन घे." लय गोड बोलला. म्हसवडला गेलो तर आत्याच घरात न्हाई. तिची सून म्हणाली, "लग्नाला गेल्यात." म्हणताना तिनं माझ्याकडं बघितलं न्हाई.

कुंडलला परत आलो. भावाचं डोकं भादरलेलं.

"उकाडा लय हाय," म्हणाला.

आबांची कॉट न्हवती. मी भावजयीला इचारलं. "पुण्याला नेलंय, मोठ्या दवाखान्यात." शेजारी इचारलं. तेबी म्हणले, पुण्याला. सगळ्यांचं उत्तर एकच. मी कट्ट्यावर गेलो की बोलणं बंद.

मला समजलं. थोरला मी. अग्नी मी द्यायचा. मला लांब ठिवून धाकट्यानं दिला.

तवापासून छातीवर कुणीतरी बसल्यागत व्हायचं. भाकरी तोंडात नुसती फिरायची. म्हस हंबरली तरी उठू वाटायचं न्हाई. मी कुणाला बोललो न्हाई. बोलू कुणाला? सगळीच त्यात.

मग गोळ्या चालू झाल्या. भावजय चहात घालायची. मला वाटायचं, मला बी आबांच्या वाटंला लावत्यात. मी चहा मोरीत वतायला लागलो.

भावानं परत सांगलीला नेलं. तीच खोली, त्येच डॉक्टर. परत मान भावाकडं. "झोपतो का आता?"

मी टेबलावर हात आपटला. "मला इचारा!"

"काय विचारू, बाळा?"

"बाळा न्हाई म्हणायचं. माझा बाप मेला. मला कुणी सांगितलं न्हाई."

भाऊ माझ्याकडं वळला. "तुला कुणी सांगितलं रं?"

"कुणी न्हाई. तू डोकं भादरलंस. मी काय आंधळा हाय?"

डॉक्टरांनी खुर्ची माझ्याकडं वळवली. झोप लागती का, रडू येतं का, जगू नये वाटतं का, साध्या शब्दांत इचारलं. मी सांगितलं. हिरीच्या काठावर जाऊन बसायचो, त्ये बी सांगितलं. भाऊ खाली बघत व्हता.

"हे डिप्रेशनच आहे," डॉक्टर म्हणाले. भावालाच म्हणाले.

मी परत टेबल वाजवलं. मग मला सांगितलं.

आता गोळी बदललीय. ती माझ्या हातावर ठिवायची, कशाची हाय त्ये सांगायचं, मग मी गिळणार. भूक थोडी लागती. पर इश्वास बसत न्हाई. डॉक्टरांवर बी न्हाई. पुढच्या येळंला भावानं भाईर बसायचं.

त्या दिवशी परत येताना गाडीत मी भावाला म्हणलं, "आबांच्या वर्षश्राद्धाला मी बसणार."

"बघू."

बघू म्हंजी न्हाई. म्हणून दुसऱ्या दिवशी मी भावकीत घरोघर गेलो. दारात उभं राहून मोठ्यानं सांगितलं, "आबांचं वर्षश्राद्ध मी करणार. थोरला मी हाय." काही हसले. हसू देत. ऐकलं सगळ्यांनी.

पाटावर मी बसणार. धाकटा आडवा आला तर त्याला बाजूला सारणार. माझ्या अंगात तेवढी ताकद हाय.