पोरगी ठरवेल ते

शहर सोडून कार्ल्यात आमच्या शेजारी राहायला आलेली ही बाई लेकीला शाळेत घालत नाही. "मावशी, काय शिकायचं ते तिचं तिलाच ठरवू द्यायचं," असं ती मला उकिडवी बसून, हळू आवाजात समजावते. पोरीशी तिच्या उंचीला येऊन बोलून बोलून सगळ्यांपुढेच उकिडवं बसायची सवय लागलीय तिला. पोरीनं माझं वाळवण चिखलात कालवलं, ते विज्ञान. म्हशीचं शेपूट ओढलं, तो निसर्गाभ्यास.

"म्हशीला इचारलंस का गं?" मी म्हणाले. बाई फोटो काढण्यात गुंग.

परवा पोरीनं आपल्या मनानं शाळा भरवली. पलीकडच्या मराठी शाळेतलं रोज ऐकू येतंच. हातात छडी घेऊन ती माझ्या खुराड्यातल्या कोंबड्यांवर ओरडत होती, "हाताची घडी, तोंडावर बोट!"

बाई धावत आली. मोबाइल वर उचलला आणि तसाच खाली घेतला.

"उशीर का झाला?" पोरीनं छडी रोखली. "बाहेर उभी राहा!"

मला वाटलं, आता ही छडी हिसकावणार. बाई मुकाट्यानं फाटकाबाहेर गेली आणि शाळा सुटेपर्यंत टळटळीत उन्हात तिथंच उभी राहिली.