परसातली जास्वंद

शेजारी झुरळांचा स्प्रे मारला की मला लालबागच्या चाळीमागची आमची जास्वंद आठवते. तिच्यात बुलबुलाचं घरटं होतं आणि अंथरुणाला खिळलेले बाबा खिडकीतून दिवसभर ते बघत पडायचे. त्या वैशाखात फांद्यांवर पांढरी कीड पडली. बाबांना फुलं दिसावीत म्हणून मी घरातला तोच स्प्रे झाडावर मारला. सकाळी पिल्लं मेलेली होती. आईने ती बाबा उठायच्या आत पुरली. "पिल्लं कुठे गेली गं?" बाबांनी विचारलं. "उडाली," आई म्हणाली. "एवढ्यात? पिसंही फुटली नव्हती त्यांना." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "मला भिंतीकडे वळव." श्रावणात जास्वंद लालेलाल फुलली, पण बाबांनी परत खिडकीकडे वळवू दिलं नाही. आमच्या घरात स्प्रे येत नाही. बायकोला वाटतं, मला वासाचा त्रास होतो.