दामूचे उलटे टांगलेले बूट

"ठेव! ठेव म्हणतो ना खाली! त्या बुटाले हात लावशीन तर पाह्यजो!"

मी असा ओरडलो, की सक्करदऱ्याच्या तलावावरचे बगळे उडून थेट उमरेडला जाऊन बसले असतील. समोर भंगारवाला, त्याच्या हातात दामूचे कॅनव्हासचे बूट, आणि दारात दामूचा मुलगा विनायक. दामूला जाऊन महिनाही झाला नव्हता. "फाटले आहेत ना काका," विनायक म्हणाला. फाटले होतेच. अर्धं जंगल पायाखाली घातलेले बूट काय नवे कोरे राहणार?

सीताबर्डीच्या एकाच कचेरीत दामू आणि मी समोरासमोर बसायचो. साठ-बासष्ट सालची गोष्ट. शनिवारी अर्ध्या दिवसाची सुटी झाली की तो पिशवीत गळ, चहापत्ती आणि ज्वारीचं पीठ टाकून पेंच नदीकडची एसटी धरायचा, आणि त्याच्या मागे मी. जंगलात त्यानं बूट कधी जमिनीवर ठेवले नाहीत. दोन काठ्या रोवायच्या, त्यांवर बूट उलटे टांगायचे, सकाळी झटकून मगच पाय घालायचा. विंचवाची भीती. ही सवय हाडात इतकी मुरली, की घरच्या ओसरीतही दोन खुंट्या ठोकून बूट उलटेच. कचेरीला निघताना चपलासुद्धा झटकायचा. "अहो, इथं कुठून येते विंचू?" वहिनी कपाळावर हात मारायच्या. दामू नुसता हसायचा.

तो बोलायचाच कमी. बोलायचं काम माझं. नदीत वीतभर असलेला मासा बर्डीच्या पानठेल्यावर पोचेपर्यंत माझ्या खांद्याला लागायचा. एकदा अस्वलानं आमचा गुळाचा डबा पळवला, एवढंच घडलं होतं. माझ्या गोष्टीत ते शेकोटीशी मांडी घालून बसलं, चहा प्यायलं, आणि गोड कमी आहे म्हणून माझ्यावर डाफरलं. मंडळी दामूकडे वळायची, "खरं काय गा, दामूभाऊ?" पान चघळत दामू म्हणायचा, "मी होतो ना तिथं." हो नाही, नाहीही नाही. पण तेवढ्यावर माझं पडायला आलेलं अस्वल पुन्हा उभं राहायचं. त्या एका वाक्याच्या भरवशावर मी जन्मभर फेकत आलो...

मग म्हातारपणी त्याला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. खाट मागच्या खोलीत, खिडकीबाहेर शेजाऱ्याची भिंत. उघड्या आभाळाखाली घोरणाऱ्या माणसाच्या वाट्याला विटा! मी गेलो की त्याच्या डाव्या हाताचं बोट दारातून दिसणाऱ्या बुटांकडे जायचं. मग माझ्याकडे. पुन्हा बुटांकडे. यात न कळण्यासारखं काय होतं? मी विनायकला म्हटलं, "जीप मी आणतो. एकदा नदीवर नेऊ. तुझा बाप जातो म्हणते."

विनायक हसला. मला चेव आला. "हसतं काय लेका? काल तर खाटेवरून उठला, बूट झटकले, अन् फाटकापर्यंत चालत आला!"

तो आणखीच हसला. सूनही पदर तोंडाला लावून हसली. आतून दामू बघत होता. त्यानं ते बोट हळूच पांघरुणात घेतलं...

होळी गेली, पोळा गेला. मग तोही गेला, भिंतीकडे तोंड करून. सांत्वनाला आलेले म्हणाले, सुटला बिचारा. कशातून सुटला? जिथं सुटायचं होतं तिथं कोणी नेलं नाही त्याला.

बूट आता माझ्या ओसरीत आहेत, उलटे. रोज सकाळी झटकतो. पहिल्या दिवशी त्यांतून चिमूटभर वाळू पडली, नदीची. खरंच पडली. पण आता कोणाकडे वळून विचारणार?

त्या दिवशी भंगारवाल्याच्या हातून ते हिसकावून काखेत मारले आणि निघता निघता विनायकला विचारलंच, "एकदा नदीवर न्यायचं होतं रे त्याले. काहून नाही नेलं? मी सांगतलं नव्हतं का तुले?"

भंगारवाल्याला पुढे जायची खूण करत विनायक म्हणाला, "सांगतलं होतं काका. आम्हाले वाटलं, तुमची गोष्टच असन."