खिळ्यावरचा समुद्र

मावशीच्या पोटात दुखायचं ते तिच्या धाकट्या बहिणीवरून, म्हणजे माझ्या आईवरून. शाळेत जन्मभर चित्रकला शिकवली मावशीने आणि नाव झालं धाकटीचं. आजीला सांभाळायची मावशी, पण आजीच्या पलंगासमोर लटकत होतं ते धाकटीने पेन्सिलीने काढलेलं समुद्राचं चित्र. पिकतं तिथे विकत नाही, दुसरं काय.

आजीचे डोळे गेले तेव्हा तरी मावशी सुटायला हवी होती. उलट चहा झाला की आजी रोज म्हणायची, चित्र सांग. मावशी सांगायची, पण परीक्षेचे पेपर तपासल्यासारखं. क्षितिज बरोबर मध्यावर, म्हणून चित्राचे दोन तुकडे पडलेत. होडीचं तोंड चौकटीबाहेर, म्हणून बघणाऱ्याची नजरही तिच्याबरोबर बाहेर जाते. आजी सगळं ऐकून म्हणायची, तरी धाकटीचा हात वेगळाच. मावशीचा तिळपापड व्हायचा. आजीने एकदा, फक्त एकदा आपल्या हाताला चांगलं म्हणावं, एवढंच तिला हवं होतं.

मग माझी आई ते चित्र प्रदर्शनासाठी घेऊन गेली. आजीला कुणी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी मावशी नुसत्या खिळ्यासमोर बसली. मी तिथेच भाजी निवडत होते. सांगता सांगता तिने क्षितिज वर नेलं, वाळूला जागा दिली, होडी किनाऱ्याकडे वळवली. एका कोपऱ्यात पाठमोरी बाई उभी केली आणि उरलेलं सगळं पाणी तिच्यापुढे मोकळं सोडलं.

"संध्याकाळ झालीय," मावशी म्हणाली. "कुणीतरी हाक मारेल म्हणून ती थांबलीय."

आजीचे डोळे भरून आले. "इतकी वर्षं समोर आहे, पण धाकटी काय चीज आहे ते आज कळलं."

मावशीने स्वयंपाकघरात जाऊन कुकरचं झाकण आपटलं. तरी पुढचे चार दिवस दातओठ खात तिने तेच चित्र सांगितलं.

पाचव्या दिवशी चित्र परत आलं. मावशीने स्वतः ते टांगलं आणि जसं आहे तसं, एकही खोट न काढता सांगितलं. इतकं मोठं मन तिने कधी दाखवलं नव्हतं, त्यामुळे मला संशय आलाच.

आजीने कूस बदलली. "आज फिकं वाटतंय गं धाकटीचं. कालचं सांग ना."

मावशीने खुर्ची फिरवली, चित्राकडे पाठ केली आणि सांगायला लागली.