कॉम्प्युटरची पूजा
झेंडूचा वास आला की वेल्ह्याकडची माझ्या पोरांची शाळा आठवते. तिथं एकच कॉम्प्युटर होता; दर गुरुवारी गुरुजींच्या मदतीला जाऊन मी मुलांना पाळीपाळीनं माउस धरायला शिकवायचे. एका वर्षी खंडेनवमी गुरुवारीच आली; घरच्या विळ्या-कोयत्यांसारखी मी कॉम्प्युटरचीही पूजा केली आणि चालू असतानाच तांब्यात फूल बुडवून पाणी शिंपडलं. चट्ट आवाज झाला, स्क्रीन काळी पडली. गुरुजी वायरी हलवत राहिले. धनगरवाड्यावरची एक पोरगी माझ्याजवळ आली. "काकू, आज माजा नंबर व्हता न्हवं?" मी पदरानं स्क्रीन पुसत राहिले. भोरला दुरुस्तीला नेलेला कॉम्प्युटर परत यायच्या आतच ती मेंढरांमागं कोकणात उतरली. आता खंडेनवमीला मी मोबाईलपुढं कोरडंच फूल ठेवते.