नीळ घातलेला अंगरखा

माझी मोठी जाऊ यशोधरा मळवलीच्या बंगल्यांवर झाडलोट करायची आणि मोबाइलवर इंग्रजी शिकायची. लोक इंग्रजीसाठी क्लास लावतात. हिनं परदेशी ऐतिहासिक मालिकांच्या शूटिंगचे व्हिडिओ लावले. म्हणजे मालिका नव्हे, मालिका कशी काढली ते दाखवणारे. राजाराणी तंबूबाहेर खुर्च्या टाकून कागदी कपात चहा पिताहेत आणि कपडे सांभाळणारी बाई तोंडात टाचण्या धरून बोलते आहे, असले.

"ताई, लढाई तरी बघा जरा," मी म्हणायचे.

"राजाचं इंग्रजी मला कुटं लागनार गं कोमल? त्याचा सदरा शिवनारी बोलती ना, ते लागंल."

कानात वायर घालून ती फरशी पुसायची. हेम म्हणजे दुमड, सीम म्हणजे शिवण, लायनिंग म्हणजे अस्तर, स्टेन म्हणजे डाग. व्हिडिओ थांबवून, मागं नेऊन, जीभ वळेपर्यंत एकेक शब्द घोकायची. घरी भांडी घासताना माझ्या कानाशी "होल्ड स्टिल, होल्ड स्टिल" सुरू झालं की वाटायचं, हातातली कढईच हिच्या डोक्यात घालावी. तिचा सगळ्यात लाडका शब्द होता कन्टिन्युइटी. दृश्यात बाहीवर चिखल उडाला असेल, तर त्याच दृश्याचा उरलेला भाग आठवड्यानं का काढेनात, चिखल तिथंच आणि तेवढाच हवा. हे तिनं मला इतक्यांदा समजावलं की झोपेतून उठवलं तरी मी सांगेन.

मागच्या हिवाळ्यात मात्र माझी चेष्टा माझ्याच घशात अडकली. जवळच्या एका फार्महाउसवर परदेशी कंपनीनं ऐतिहासिक मालिकेचं शूटिंग मांडलं. प्लायवूडचा किल्ला उभा राहिला. मला गर्दीतली बाई म्हणून घेतलं. नऊवारी नेसायची, डोक्यावर टोपली घ्यायची आणि किंचाळत पळायचं. किंचाळायला मला कुणी शिकवावं लागलं नाही. यशोताईला कपड्यांच्या तंबूत घेतलं, रूथमॅडमच्या हाताखाली. ही रूथ इंग्लंडची, पांढऱ्या केसांची, कामाच्या वेळी चुकूनही न हसणारी. तिला तोंडातून शब्द निघताच वस्तू हातात देणारं माणूस हवं होतं. आधी परीक्षा, पसंत पडली तर सगळ्या शूटिंगभर काम, मग कंपनी जाईल तिथं. ताईला ते काम हवं होतं. पार्ट्या करून लोकांनी ओकून ठेवलेली बाथरूमं धुऊन तिचा जीव विटला होता. ती बोलत नसे, पण हे काम हातचं गेलं तर ती पुन्हा कशाची आस धरणार नाही, हे आम्हाला दिसत होतं.

शनिवारी नायकाच्या खांद्यावर वार होतो ते दृश्य निम्मं झालं आणि ऊन गेलं. उरलेलं सोमवारी काढायचं ठरलं. त्याच्या पांढऱ्या अंगरख्याचं अस्तर उसवलं होतं. रूथनं तो ताईच्या हाती दिला, घरी नेऊन टाके घालून आण म्हणाली आणि बोट नाचवून बजावलं, डागांना हात लावायचा नाही.

रविवारी सकाळी अस्तराला जुळणारा दोरा आणायला ताई लोणावळ्याच्या बाजारात गेली. बांगड्या बघायच्या म्हणून मीही गेले. घरी फक्त आमच्या सासूबाई होत्या, भागुबाई. आम्ही त्यांना आत्या म्हणतो.

परत येऊन बघतो तर अंगणातल्या तारेवर अंगरखा वाळत होता. स्वच्छ, नीळ घातलेला, ताठ.

"लय रगत व्हतं गं त्याच्यावर," आत्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा नुसता फुलला होता. "खांदा तर चोळून चोळून काडला. मळकं कापड आपल्या घरातनं माघारी गेलं असतं, तर सायेबीण काय म्हनली असती?"

आत्यांचं हे असंच आहे, आणि का आहे ते सांगायला हवं. त्यांच्या आईला गावातले लोक अंगावरून उतरलेले कपडे टाकायचे, वरून, हात न लावता, आणि ते घ्यावे लागायचे. छप्पन्न साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा आत्या आईच्या कडेवर होत्या. त्या माउलीनं त्या दिवशी ठरवलं, कुणाचं उतरलेलं नेसणार नाही आणि आपल्या घरातलं मळकं कापड जगाला दाखवणार नाही. विहारात वंदनेला जायची पांढरी साडी आत्या आजही स्वतः धुतात. निळीच्या बादलीला आम्हा सुनांना हात लावू देत नाहीत.

मी तोंड उघडलं होतं. ताईनं माझं मनगट असं आवळलं की नवी बांगडी रुतली.

"लय झ्याक निगालं, आत्या," ती म्हणाली. तिच्या ओठांत रक्त उरलं नव्हतं.

दुपारी आत्या विहारात गेल्या आणि आमची धावाधाव सुरू झाली. त्या परत येण्याआधी सगळं उरकायचं होतं. ताईच्या मोबाइलमध्ये शनिवारचे फोटो होते, एकेका डागाचे. मी चुलीवर चहा उकळला, बांधावरची तांबडी माती आणली. ताईनं आधी अस्तराला टाके घातले, मग अंगरख्याचा गळा विटेनं घासला, चहाच्या पाण्याचे हात फिरवले, माती चोळली. कात, गूळ आणि जिलबीचा रंग कालवून खांद्यावर रक्त चढवलं. व्हिडिओतली बाई जे बोलायची, तेच ही स्वतःशी पुटपुटत होती. "लाइट. लिटल मोअर. स्टॉप." एक थेंब जास्त पडला तर संपलं. मी फोटो तिच्यापुढे धरून उभी होते.

चुलीच्या धगीवर अंगरखा वाळला. मी फोटो बघितला, अंगरखा बघितला, पुन्हा फोटो बघितला. मला फरक सापडेना.

"जुळलं! आता गप ऱ्हावा, ताई."

"न्हाई. सांगायचं."

"कशापायी? डोकं फिरलंय का तुमचं?"

"त्या व्हिडिओत चूक झाली की कॅमेरा लागायच्या आदी सांगत्यात. मग समदी हसत्यात आन परत करत्यात. नंतर पडद्यावर दिसलं, तर साऱ्यांचं काम वाया जातंय."

मी भांडले, शपथ घातली. उपयोग शून्य. तिनं अंगरखा पिशवीत घातला आणि आत्यांना दिसू नये म्हणून वर टॉवेल पसरला.

सोमवारी टोपली घेऊन मी मुद्दाम कपड्यांच्या तंबूत शिरले. रूथनं अंगरखा वर धरला, मान तिरकी करून पाहिला आणि म्हणाली, "गुड." एवढंच. नायकानं एक बाही चढवली. बाहेर कुणीतरी सगळ्यांना जागेवर बोलावत होतं. गप, बाई, गप, मी मनात म्हणत होते.

"मॅडम, वेट," ताई म्हणाली. "धिस इज वॉश्ड. आय मेड अगेन. प्लीज चेक कन्टिन्युइटी."

रूथनं नायकाच्या अंगातून बाही काढून घेतली. शनिवारचं चित्र पडद्यावर लावून अंगरखा शेजारी धरला. खांद्यावरचं रक्त बोटभर खाली उतरलं होतं. कॅमेऱ्याची दोन माणसं आली आणि तीही वाकून बघू लागली. मग रूथनं अंगरखा उलटा केला. आतली बाजू आत्यांनी धुतली तशीच होती, पांढरीफेक.

"हू वॉश्ड इट सो क्लीन?"

आता म्हण, म्हातारी सासू आहे, तिला कळलं नाही. मी डोळ्यांनी खुणावत होते. तेवढ्यानं कदाचित निभावलंही असतं. पण तंबूभर तरणी पोरं उभी होती आणि त्यांच्यात हसू दबायला लागलं होतं. आत्यांचं धुणं त्यांच्या करमणुकीला द्यायचं नव्हतं ताईला.

"आय," यशोताई म्हणाली. "आय वॉश्ड."

हात लावू नकोस असं बजावलेलं माणूस हात लावतं, तर त्याला कोण ठेवेल? रूथ ओरडली नाही. हळू आवाजात थोडं बोलली, ताईच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिच्या गळ्यातलं ओळखपत्र काढून घेतलं. शनिवारचं दृश्य पुन्हा पहिल्यापासून काढायचं ठरलं. मला त्या व्हिडिओंचा असा संताप आला! चूक सांगितल्यावर सगळे हसतात, एवढंच त्यांत दाखवतात. हसून झाल्यावर घरी कुणाला पाठवलं, ते कोण दाखवणार?

मीही टोपली तिथंच टाकून तिच्याबरोबर निघाले. आम्ही थेट घरी आलो. आत्या अंगणात तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"एवड्या लवकर? काय म्हनली सायेबीण कापड बघून?"

ताईनं चपला काढल्या. पायावर पाणी घेतलं.

"इचारत व्हती, इतकं सवच्छ कुनी धुतलं?"

"बघ! मग? सांगितलंस का माजं नाव?"

"न्हाई, आत्या. माजंच सांगितलं."

"लबाड!" आत्या सूप खाली ठेवून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. "कष्ट माजं आन नाव तुजं व्हय गं?"