खांब आणि झाकण

आमच्या सासऱ्यांनी गाडी फाटकाच्या खांबावर घातली, तेव्हा चूक अर्थातच खांबाची होती. घर बांधल्यापासून तो बिचारा तिथेच उभा आहे, पण त्या दिवशी जरा पुढे आला असावा. सासरे गाडीतून उतरले, खांबाला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाले, “ही काय खांब बांधायची जागा आहे?”

गाडी म्हणजे त्यांची जुनी, हिरवी, पोट सुटलेली गाडी. पाणीपुरवठा खात्यात जन्मभर नळ आणि टाक्या तपासल्या, पण जीव लावला तो हिला. सासूबाई गेल्यापासून तर घरातलं वडीलधारं माणूस म्हणजे ती गाडीच. तिला ऊन लागू नये म्हणून तिच्यावर चादर घालतात. आमच्या खोलीत दुपारभर ऊन येतं, ते मात्र प्रकृतीला चांगलं असतं.

गाडी दुरुस्तीला गेली आणि इथे माझ्या नवऱ्याच्या बुद्धीला पालवी फुटली. बाबांना नीट दिसत नाही हे आम्हाला कधीचं कळलं होतं. समोरच्या घरातल्या बाईंना ते रोज सकाळी “काय साहेब, बरं आहे ना?” असं विचारत. पण ‘बाबा, आता गाडी चालवू नका’ हे सांगायचं कुणी? माझा नवरा ऑफिसात माणसांना नोकरीवरून काढल्याचं तोंडावर सांगतो म्हणे. घरी बापापुढे त्याची जीभ टाळ्याला चिकटते. म्हणून त्यानं मेकॅनिकला गाठलं.

पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाला हवा आत जाण्यासाठी एक बारीक भोक असतं. मेकॅनिकनं ते कथील वितळवून, डाख देऊन बुजवलं. आत हवा गेली नाही की पेट्रोल बाहेर येत नाही, आणि गाडी थोडं अंतर जाऊन बंद पडते. “दोन-चार वेळा बंद पडली की बाबा कंटाळतील आणि आपणहून सोडून देतील,” नवऱ्यानं मला छाती फुगवून सांगितलं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. म्हाताऱ्या माणसाला धोका नको, म्हणून त्याची गाडी भर चौकात बंद पडावी अशी सोय.

“त्यापेक्षा दोन वाक्यं बोल ना त्यांच्याशी,” मी म्हटलं.

“तुला बाबा माहीत नाहीत,” तो म्हणाला.

गाडी नव्या रंगानिशी घरी आली, चौकापर्यंत गेली आणि आचके देऊन थांबली. न्हावी गिऱ्हाइकाची दाढी अर्धी सोडून सल्ला द्यायला धावला. औषधांच्या दुकानातला आला, त्याच्याकडे गाडीच्या सर्दीवरही औषध होतं. सासऱ्यांनी टाकीचं झाकण उघडलं, लाकडी पट्टी बुडवून पेट्रोल पाहिलं, झाकण लावलं. गाडी सुरू झाली. श्रेय न्हाव्यानं घेतलं, कारण मधल्या वेळात त्यानं बॉनेटवर थाप मारली होती.

कंटाळणं राहिलं बाजूला, सासऱ्यांनी कंबर कसली. इंजिनाचा पंप उघडला. फिल्टर बदलला. पेट्रोलची नळी तोंडानं फुंकून पाहिली आणि दिवसभर पेट्रोलचे ढेकर दिले. मग कार्बोरेटर सुटा होऊन जेवणाच्या टेबलावर आला आणि आम्ही मांडीवर ताटं घेऊन जेवायला लागलो. त्याची भोकं साफ करायला माझी शिवणाची सुई गेली, पेट्रोल गाळायला चहाची गाळणी गेली. घासायला बारीक ब्रश हवा होता, तो त्यांनी बाथरूममधून आणला. तो माझ्या नवऱ्याचा होता. रोज काम झालं की ते तो धुऊन जागच्या जागी ठेवत. मी पाहत होते आणि गप्प होते. घरात कुठेतरी न्याय हवा.

रोज सकाळी कार्बोरेटर जोडून गाडी निघे, चौकात बंद पडे, आणि कार्बोरेटर पुन्हा टेबलावर येई. हळूहळू न्हावीही दाराबाहेर यायचा थांबला. एका संध्याकाळी हात धुता धुता सासरे म्हणाले, “माझंच काहीतरी चुकतंय. डोकं चालेनासं झालं वाटतं.” जो माणूस उभ्या खांबाला दोष देतो, तो स्वतःला दोष द्यायला लागला होता.

आणि नवरा काय म्हणाला? “होतं बाबा असं. वय झालं की विसरायला होतं.”

सासऱ्यांनी मान डोलावली. त्यांना ते पटलं होतं. मला नवऱ्याचा इतका राग आला की मी उठून भांडी घासायला घेतली, घासलेलीच.

दुसऱ्या दिवशी, नवरा ऑफिसला गेल्यावर, मी तेलाचा नवा डबा काढला. सासरे टेबलाशी कार्बोरेटरची सुई पुसत बसले होते. सरळ सांगणं मलाही जमेना. शेवटी मीही याच घरची. मी डब्याला एकच भोक पाडलं आणि तो त्यांच्यासमोर बरणीत ओतायला घेतला. तेल जरासं आलं, गटकन आवाज झाला आणि थांबलं.

“अगं, दुसरं भोक पाड. हवा नको का आत जायला? इतकी वर्षं संसार करतेस आणि...”

ते थांबले. सुई हातातच राहिली. मग उठले आणि चप्पल न घालता खाली गेले.

झाकण घेऊन वर आले. खिडकीशी धरून भिंगातून पाहिलं, मग अंगठ्यानं चाचपत राहिले. “घाण आपोआप बसते,” ते म्हणाले. “डाख आपोआप बसत नाही.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “तुला ठाऊक होतं?”

“हो, बाबा.”

वाटलं, आता घर डोक्यावर घेतील. त्यांनी टोच्या आणला, डाखावर टेकवला, आणि पुन्हा खाली ठेवला. मग टेबलावरचा कार्बोरेटर उचलून टेबल पुसून घेतलं.

रात्री आम्ही खूप दिवसांनी टेबलावर जेवलो. “सापडला का दोष?” नवऱ्यानं लहान मुलाला विचारावं तसं विचारलं.

सासऱ्यांनी गाडीची किल्ली त्याच्या ताटाशी ठेवली. शेजारी झाकण ठेवलं, डाखाची बाजू वर.

“उद्यापासून तू चालव,” ते म्हणाले. “झाकण तेवढं नवीन आण.”

नवऱ्यानं झाकण हळूच उलटं करून ठेवलं.

“खांब मला दिसलाच नव्हता,” सासरे म्हणाले. “तू विचारलं असतंस तर सांगितलं असतं.”

मग त्यांनी भात मागून घेतला.

जेवण झाल्यावर नवरा दात घासायला गेला. बऱ्याच वेळानं बाहेर आला, ब्रशचा वास घेत. माझ्याकडे पाहिलं, सासऱ्यांच्या बंद दाराकडे पाहिलं. त्याला काहीतरी विचारायचं होतं. मी थांबले. विचारलं असतं तर सांगितलं असतं.

त्यानं मुकाट्यानं दिवा मालवला.